परतीचे नऊ हजार

पगार जमा झाला की दोन-तीन दिवसांत, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, माधुरी सिस्टर तिसऱ्या मजल्यावरच्या लिननच्या खोलीत जाऊन बसायच्या. मग एकेक नर्स तिकडे फिरकायची. कुणी चादर मागायला, कुणी उशीचे अभ्रे. जाताना एप्रनच्या खिशात घडी घातलेल्या नोटा, येताना हातात चादर. अंधेरी पूर्वेच्या त्या साठ खाटांच्या हॉस्पिटलात हे चार वर्षं चाललं होतं आणि त्याला धड नावही नव्हतं. सगळ्या जणी नुसतं ‘वरचं’ म्हणायच्या. “वरचं दिलंस का गं?” “एटीएम बंद होतं यार, उद्या देते.”

चेतना तायडेचं वरचं नऊ हजार होतं. बँकेत तिच्या नावावर साडेसव्वीस हजार यायचे आणि त्यातले नऊ ती काढून परत द्यायची. उरलेल्या साडेसतरात दिंडोशीचं घर, आईची औषधं आणि तिचा स्वतःचा महिना.

हे सुरू झालं तेव्हा हॉस्पिटलला मानांकनाचं सर्टिफिकेट हवं होतं. ते असलं की विमा कंपन्या जास्त दर देतात, बोर्डावर सोनेरी शिक्का लावता येतो. पण तपासायला येणारी माणसं पगाराच्या स्लिपा बघतात, आणि नर्सना इतका कमी पगार दाखवणं बरं दिसत नाही. तेव्हा श्वेता मॅडमनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. मॅडम म्हणजे मालक डॉक्टर हर्षद यांची बायको. डॉक्टर ऑपरेशनं करायचे, बाकी सगळं मॅडम बघायच्या. त्यांनी आधी पेढे वाटले. मग म्हणाल्या, “सगळ्यांचे पगार वाढलेत, अभिनंदन. फक्त एवढं हॉस्पिटलला परवडणार नाही, हे तुम्हालाही कळतं. वाढलेला भाग आपण कॅशमध्ये परत करायचा. आपलं एक कुटुंब आहे.” पेढा तोंडात असल्यामुळे कुणाला लगेच बोलता आलं नाही, आणि नंतर कुणी बोललं नाही.

चेतनाला तेव्हा तिची त्याच्याही चार वर्षं आधीची मुलाखत आठवली होती. तीही मॅडमनीच घेतली होती. “जीएनएम? बीएस्सी असतीस तर दोन हजार जास्त दिले असते.” “कॉलेज बुलढाण्याचं? मुंबईचं असतं तर गोष्ट वेगळी.” “आयसीयू दीड वर्ष? आम्ही एकच धरतो.” “इंग्लिश जरा कच्चं वाटतं.” “लग्न नाही झालं? म्हणजे होईल आणि सोडून जाशील.” बाहेर बाकावर बसलेल्या दुसऱ्या बाईचं लग्न झालं होतं. ती बाहेर आली ती डोळे पुसत. तिला सांगितलं होतं, लहान मूल आहे म्हणजे सारख्या रजा, म्हणून हजार कमी. बाई कशीही असली तरी त्या टेबलावर वजाच व्हायची. अधिक कशानेच होत नव्हती.

तरी चेतना टिकली. तिचं काम चांगलं होतं आणि तिला ते आवडायचं. व्हेंटिलेटरवरचा माणूस पहिल्यांदा स्वतःहून श्वास घेतो ना, तो क्षण तिला दर वेळी नवा वाटायचा. नऊ हजारांचा विचार ती करत नसे. दात दुखत असताना आपण त्या बाजूने चावत नाही, तसं.

मे महिन्यात तिची आई पडली. सोनूबाई दिंडोशीतल्या संतोषनगरच्या घराच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. चेतनाचा भाऊ धम्मपाल पवईच्या एका ऑफिसच्या इमारतीत कॉन्ट्रॅक्टवर इलेक्ट्रिशियन होता. तो धावत आला. दोघांनी मिळून आईला जवळच्या दवाखान्यात नेलं, एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, खुब्याचा गोळा बदलावा लागेल. जितका उशीर तितका त्रास.

सोनूबाई खाटेवरून म्हणाली, “कार्ड काढ की तुझं. तुझ्या बाबांचं होतं तसं. तू तर दवाखान्यातच नोकरीला.”

वडील गोरेगावच्या एका कारखान्यात होते. त्यांचं कामगार विम्याचं कार्ड होतं. त्याच कार्डावर धम्मपालचा जन्म झाला होता, त्याच कार्डावर वडिलांचं शेवटचं आजारपण निघालं होतं, आणि घरातून एक पैसा गेला नव्हता. सोनूबाईच्या डोळ्यांपुढे नोकरी म्हणजे ते कार्ड.

चेतना दुसऱ्या दिवशी अकाउंट्सच्या निलेशकडे गेली. निलेश तिच्याच वयाचा. स्वभावाने वाईट नव्हता, पण मॅडमच्या केबिनच्या दाराकडे बघितल्याशिवाय त्याला एक वाक्य पूर्ण करता यायचं नाही.

“सिस्टर, तुमचं कार्ड होत नाही,” तो म्हणाला. “एकवीस हजारांच्या वर पगार गेला की त्या योजनेत बसत नाही माणूस. तुमचा साडेसव्वीस.”

“माझा साडेसतरा आहे, निलेश.”

तो हसला. “ते तुम्हाला माहीत, मला माहीत. स्लिपवर साडेसव्वीस.”

“म्हणजे मला जे पैसे मिळत नाहीत, त्यांच्यामुळे माझं कार्ड होत नाही?”

निलेशने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “आकडा उगाच नाही ना ठेवलेला तो. एकवीसच्या खाली दाखवला असता तर विम्याचा हप्ता हॉस्पिटललाही भरावा लागला असता, प्रत्येकीमागे. मॅडमनी बसून काढलेत हे आकडे.”

चेतनाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. चार वर्षं तिला वाटत होतं, ही एक साधी लुबाडणूक आहे, पैसे घेतात आणि गप्प बसवतात. पण कुणीतरी बसून, कॅल्क्युलेटर घेऊन, चहा पीत, तिच्या आईचं ऑपरेशन वजा केलं होतं.

ती तशीच केबिनमध्ये गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चेहराही वाईट वाटल्यासारखा केला. “अगं, इथेच आण ना आईंना. डॉक्टर स्वतः करतील. अडीच लाखांच्या आसपास जाईल, पण स्टाफला टेन पर्सेंट डिस्काउंट देऊ आपण. बाकीचं लोन काढ. तुझा पगार चांगला आहे, बँक सहज देईल.”

“कुठला पगार, मॅडम?”

“म्हणजे?”

“चांगला आहे म्हणालात ना. कुठला?”

मॅडमनी मोबाईल उचलला आणि तो वाजला नव्हता तरी त्यात बघत राहिल्या. “चेतना, तू आत्ता टेन्शनमध्ये आहेस. आपण नंतर बोलू.”

जिन्यात उभं राहून चेतनाने तो हिशेब केला, जो तिने इतके दिवस मुद्दाम केला नव्हता. चार वर्षांचे नऊ-नऊ हजार चार लाखांच्या वर गेले. आईचा खुबा बदलून, घरी बाई ठेवून, वर धम्मपालच्या लग्नाला उरले असते. तिने भिंतीवर हात आपटला. खालून एक वॉर्डबॉय वर बघू लागला. “काय झालं सिस्टर?” “काही नाही रे. डास.”

सोनूबाईचं ऑपरेशन शेवटी पालिकेच्या रुग्णालयात झालं. खाट मिळायला थांबावं लागलं, मग कृत्रिम सांधा यायला थांबावं लागलं, आणि त्या थांबण्यात तिच्या पाठीला जखम झाली. चेतना सकाळची ड्युटी करून तिथे जायची आणि आईची पाठ स्वतः धुवायची. तिथल्या वॉर्डात दोन नर्स होत्या. एक कायम नोकरीतली, पगार साठच्या पुढे. दुसरी कॉन्ट्रॅक्टवरची, वीस. दोघी एकाच ट्रॉलीवरून एकच इंजेक्शन भरायच्या. कॉन्ट्रॅक्टवरचीने चेतनाला विचारलं, “तुझ्याकडे किती देतात गं?” किती देतात हे चेतनाला सांगताच येत नव्हतं. दोन्ही आकडे खोटे वाटत होते.

जूनचा पगार जमा झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी माधुरी सिस्टर तिला वॉर्डात गाठून म्हणाल्या, “चेतना, तुझं वरचं राहिलं.”

माधुरी कुबल पन्नाशीच्या पुढच्या. मूळच्या मालवणकडच्या, सासर बोरिवलीला. हॉस्पिटल उघडलं त्या वर्षापासून त्या तिथे होत्या. चेतनाला त्यांनीच इथल्या आयसीयूत पहिल्यांदा उभं केलं होतं, इथलं काम हात धरून शिकवलं होतं. आणि दर महिन्याला त्याच हाताने नोटा मोजून घेतल्या होत्या. बाकीच्या नर्सप्रमाणे चेतनाचीही खात्री होती की त्यातला काही भाग बाई स्वतःकडे ठेवते. नाहीतर कोण करेल असलं काम?

“देते,” चेतना म्हणाली. “पण इथे नाही. खाली देते.”

“खाली खय?”

चेतना उत्तर न देता जिना उतरली. खाली बिलाच्या काउंटरवर दुपारची गर्दी होती. डिस्चार्जवाले, रिपोर्टवाले, नंबर लावून बसलेले म्हातारे. काउंटरवर पेशंटच्या नातेवाइकांना पैसे भरायला क्यूआर कोड चिकटवलेला होता आणि शेजारी तो बोलका डबा. चेतनाने मोबाईल काढला, कोड स्कॅन केला, नऊ हजार घातले. खाली शेरा लिहायची जागा होती. तिथे तिने लिहिलं, ‘जूनच्या पगारातून हॉस्पिटलला परत. चेतना तायडे, स्टाफ नर्स.’ आणि बटण दाबलं.

डबा खणखणीत आवाजात म्हणाला, “नऊ हजार रुपये प्राप्त झाले.”

काउंटरवरच्या गंधालीने मान वर केली. “कुठल्या पेशंटचे, सिस्टर?”

“पेशंटचे नाहीत. माझ्या पगारातले. दर महिन्याला परत द्यावे लागतात ना, ते. पावती दे.”

“पावती? कशाची लिहू?”

“जे आहे ते लिही.”

बाकावरचा एक म्हातारा पुढे झुकला. “पगार परत द्यायचा? का हो?”

“मॅडमना विचारा, काका. पहिल्या मजल्यावर बसतात.” चेतना मुद्दाम मोठ्याने बोलत होती. “बँकेतून पगार येतो, मग परतही बँकेतूनच जाऊ दे. नोटा कशाला मोजायच्या? वेळ जातो सगळ्यांचा.”

जिन्यावर उत्तरा उभी होती. नवी मुलगी, बीएस्सी. तिचं वरचं सहा हजार होतं आणि ते तिच्या खिशात होतं. तिने चेतनाकडे बघितलं, मग काउंटरकडे, आणि पुढे आली. “आईच्यान् ताई, मॅडम मला काढून टाकतील,” ती पुटपुटली. पण नोटा खिशातच ठेवून तिने मोबाईलवरून भरले. “सहा हजार रुपये प्राप्त झाले.” मग डायलिसिसमधली एक आली. मग ओटीतल्या दोघी. कुणी कुणाला फोन केला होता कोण जाणे. निलेश धावत खाली आला, त्याने आधी डब्याची वायर ओढली. डबा बॅटरीवर चालत होता. “सात हजार रुपये प्राप्त झाले,” तो निलेशच्या हातातच ओरडला. बाकावरचे लोक हसायला लागले. चेतना हसली नाही. तिला हसणाऱ्यांचाही राग आला.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे पैसे जिच्या तिच्या खात्यावर परत आले. शेरा होता, ‘चुकून भरणा’. उत्तरा नाचलीच. “ताई, जिंकलो ना आपण! झकास!”

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस लागली. हॉस्पिटल व्यवस्थापनाच्या असं निदर्शनास आलं होतं की नर्सिंग इन्चार्ज श्रीमती माधुरी कुबल कर्मचाऱ्यांकडून बेकायदेशीरपणे पैसे गोळा करत होत्या. त्यांना निलंबित करण्यात आलं होतं. ज्यांची फसवणूक झाली त्यांनी लेखी तक्रार द्यावी, व्यवस्थापन त्यांच्या पाठीशी आहे.

नोटिशीपुढे घोळका झाला होता. “बरं झालं,” कुणीतरी म्हणालं. “खातच होती ती.” चेतनालाही एक क्षण बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं, आणि लगेच त्याची किळस आली.

दुपारी निलेश एक टाइप केलेला कागद घेऊन आला. तक्रार तयारच होती. फक्त सही हवी होती. “मॅडम म्हणाल्या, तुमच्या सहीला वजन आहे. सही करा, इन्चार्ज तुम्ही. या महिन्याचे साडेसव्वीस पूर्ण हातात. वरचं बंद. पुढच्या महिन्यापासून तीस.”

“आणि नाही केली तर?”

निलेशने दाराकडे बघितलं. या वेळी ते दार तिथे नव्हतं, दोघं आयसीयूत उभी होती, तरी त्याने बघितलं.

चेतनाने कागद घडी करून खिशात ठेवला आणि ड्युटी संपल्यावर बस पकडून बोरिवलीला गेली.

माधुरीबाईंनी दार उघडलं ते साखळीसकट. “कित्याक इलंस?”

“बोलायचंय.”

“बोललंस ना काल. अख्ख्या हॉस्पिटलाक ऐकू गेला.”

आतून त्यांचे यजमान दत्ताराम म्हणाले, “आत घे गो तिका. जिन्यार तमाशो नको.” दत्तारामांना अर्धांगवायू झालेला होता. ते खिडकीपाशी खुर्चीत बसून होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता. चेतनाला हे माहीतच नव्हतं. आठ वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं.

तिने कागद टेबलावर ठेवला. माधुरीबाईंनी चष्मा न लावताच तो वाचला.

“मग? कर सही.”

“त्यातले तुम्ही किती ठेवायचात?”

बाई ताडकन उभ्या राहिल्या. शहरात तीस वर्षं घालवून कमावलेली उरलीसुरली शहरी मराठीही एका झटक्यात गळून पडली. “किती ठेवतंय? मेले, माझा वरचा चौदा हजार! सगळ्यांच्या आदी माझे नोटे त्या पाकिटात जायचे. नि ता पाकीट मी माझ्या हातान मॅडमच्या टेबलार ठेवतंय. माका सांगलेनी, तू मोठी, तुझ्याकडे दिल्यार पोरी ऐकतत. नायतर तुझ्या वयाक दुसरो कोण नोकरी देतलो? ह्यांका असा सोडून मी खय जाव?”

“चार वर्षांत एकदा तरी नाही म्हणायचं होतंत!”

“तू म्हटलंस? चार वर्षां तू खय होतंस? चादर घेवन खाली जायत होतंस ना?”

हे खरं होतं आणि त्यामुळेच ते सहन होत नव्हतं. चेतनाला समोरच्या बाईच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं. त्याच वेळी हेही कळत होतं की दोघींनी एकमेकींचे केस उपटावेत, म्हणूनच हा कागद टाइप झालाय. अंधेरीच्या केबिनमध्ये एसी लावून कुणीतरी याचीच वाट बघत बसलंय.

“मला तुमचा राग आलाय,” ती म्हणाली. “खूप आलाय. हातात नोटा घेताना तुम्ही माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. पण तो राग माझा आहे. तो मी त्यांना वापरायला देणार नाही.” तिने कागद उचलला आणि उभा फाडला, मग आडवा. “मी कामगार अधिकाऱ्याकडे जाणार आहे. तुम्ही चला.”

“माका तुझी दया नको.”

“दया कसली? मला साक्षीदार पाहिजे.”

दत्ताराम खुर्चीतून हसले. एका बाजूनेच हसले, दुसरी बाजू हलत नव्हती. “चाय टाक गो,” ते बायकोला म्हणाले. बाईंनी चहा टाकला नाही. पण चेतना उठली तेव्हा त्यांनी विचारलं, “कधी जावचा?”

चेतनाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. कारण लिहिलं होतं, ‘पेशंटसमोर अशोभनीय वर्तन’. कामाचा दाखला मागितला तेव्हा मिळाला, पण त्यावर हुद्दा होता ‘नर्सिंग असिस्टंट’. आठ वर्षं आयसीयू सांभाळून. त्या एका शब्दामुळे पुढच्या दोन मुलाखतींत तिला नवशिक्या मुलीचा पगार सांगितला गेला. तिसरीकडे, गोरेगावच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये, तिथल्या डॉक्टरांनी दाखला बाजूला ठेवून तिला एका पेशंटला सुई लावायला सांगितली. एकोणीस हजार ठरले. एकोणीसच बँकेत आले आणि एकोणीसच राहिले. पहिल्या महिन्यात चेतना सवयीने एटीएमपर्यंत गेली होती, आणि तिथून शिव्या घालत परतली.

कामगार अधिकाऱ्यासमोर तारखा पडत गेल्या. तक्रार सहा जणींची होती. बँकेतून गेलेले पैसे, परत आलेले पैसे, शेरे, सगळं जोडलेलं. चौथ्या तारखेला हॉस्पिटलचा वकील प्रस्ताव घेऊन आला. प्रत्येकीला एका वर्षाचं वरचं परत. चेक तयार आहेत. फक्त सहीच्या वर एक वाक्य राहील, की सदर रकमा श्रीमती कुबल यांनी वैयक्तिकरीत्या गोळा केल्या, व्यवस्थापनाला त्याची माहिती नव्हती.

“एवढं वाक्य काढा,” चेतना म्हणाली.

“ते वाक्य आहे म्हणून चेक आहेत, मॅडम,” वकील शांतपणे म्हणाला.

उत्तराने सही केली. करताना ती रडत होती. “ताई, माझं शिक्षणाचं कर्ज आहे गं. बाबांनी शेत…” चेतनाने तिचं बोलणं तोडलं. “सांगू नकोस. कर.” बाकीच्या चौघींनीही केली. पेन फिरत फिरत चेतनापुढे आलं. एक लाख आठ हजार. सोनूबाई अजून वॉकर घेऊन चालत होती, रोज फिजिओथेरपीवाल्याला पैसे लागत होते. चेतनाने पेन उचललं नाही.

“घे गो,” शेजारून माधुरीबाई हळूच म्हणाल्या. प्रत्येक तारखेला त्या येत होत्या आणि तोंडाला कुलूप लावून बसत होत्या. “आवशीक बघ. माझा काय, माझा झाला आता.”

“नाही.”

“हट्ट नको करू. मी सांगतंय ना.”

“तुम्ही सांगू नका मला!” चेतना इतक्या मोठ्याने ओरडली की बाजूच्या टेबलावरचा कारकून उठून उभा राहिला. “काय सांगायचं ते त्यांना सांगा! चार महिने मुक्यासारख्या बसताय इथे!”

पलीकडे श्वेता मॅडम बसल्या होत्या, फिकट रंगाच्या साडीत. त्या अतिशय मायेने म्हणाल्या, “चेतना, तू चांगली नर्स आहेस. कशाला स्वतःचं नुकसान करून घेतेस?”

“चांगली नर्स किती रुपयांची असते, मॅडम?” चेतना म्हणाली. “एकदा आकडा सांगाच. स्लिपवरचा नको. तुम्ही बसून काढता तो.”

मॅडम वकिलाकडे बघू लागल्या. वकील घड्याळाकडे.

आणि तेव्हा माधुरी कुबल उठल्या. टेबलाचा आधार घेऊन उठल्या, गुडघे दुखत होते त्यांचे. “सायेब,” त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, “माका बोलूचा आसा. लिवन घ्या.” मग त्यांनी घसा खाकरला आणि सावकाश, शाळेत उत्तर सांगावं तशा शुद्ध मराठीत सुरुवात केली. “दर महिन्याला पाकीट मी ह्या बाईंच्या हातात दिलं. त्या माझ्यासमोर मोजायच्या. एकदा पाचशे कमी भरले, तर ते माझ्या पगारातून कापले.”

वकील मध्ये बोलायला लागला. अधिकाऱ्याने हात वर करून त्याला थांबवलं आणि कोरा कागद ओढला.

चेतनापुरती तडजोड फिसकटली. सही केलेल्या पाचजणींना चेक मिळाले. चेतना आणि माधुरीबाई, या दोघींची केस पुढे कोर्टात गेली आणि अजून तिथेच आहे. पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते, त्याच्या पुढच्याला वकील आजारी. त्या हॉस्पिटलात वरचं बंद झालंय, असं उत्तरा सांगते. मॅडमनी पगार मात्र दोन हजारांनी कमी केलेत, आता सरळ स्लिपवरच. माधुरीबाई बोरिवलीतल्या बोरिवलीत एका म्हाताऱ्या बाईंकडे दिवसाची ड्युटी करतात, दुपारी घरी येऊन दत्तारामांना जेवायला घालता येतं.

कोर्टाच्या आवारात दोघी भेटतात तेव्हा गोड बोलतात असं नाही. गेल्या तारखेला चेतनाला यायला उशीर झाला. माधुरीबाई गेटवरच उभ्या होत्या, कपाळाला आठ्या.

“इतक्यात पुकारो झालो असतो तर? मी एकटी काय सांगतलंय त्यांका?”

“मग सांगायचं! सगळं काय मीच सांगू?”

“माझ्यार ओरडू नको हां. सांगान ठेवतंय.”

“ओरडणार! आणि आत गेल्यावर तुम्हीपण ओरडा जरा,” चेतना म्हणाली. तिने त्यांच्या हातातली जड पिशवी ओढून घेतली आणि पायऱ्या चढू लागली.